व्हिएन्नाहून परत

१९ मार्च १९८४, क्लुज, रुमेनिया

आज मरताना माझ्या तोंडातून वाफ निघाली!

ऑपेराचा शेवटचा अंक. मी पलंगावर आडवी, डोळे मिटलेले, नायकाचं काम करणारा टेनर उशाशी बसून रडतोय, वाद्यं एकेक करून थांबत चालली आहेत – आणि माझ्या नाकातून भसाभस वाफ. थिएटरात इतकी थंडी! पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. खाली, गाणाऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या पेटीतून लाझार कुजबुजला, "श्वास नको घेऊस, मेलीयेस तू!" मग मलाच हसू आवरेना. मेलेल्या बाईचं पोट गदगदा हलतंय! टेनरने सरळ अंगावर पडून झाकलं. भलं होवो त्याचं.

लोक ओव्हरकोट घालूनच बसले होते. टाळ्याही हातमोज्यांतल्या – भद्द भद्द.

घरी चालत येताना लाझारला म्हटलं, "मिलानला याच भूमिकेला सगळं थिएटर उठून उभं राहिलं होतं."

"इथेही राहिलं असतं. पण बसून बसून खुर्ची जरा ऊबदार झालेली असते. कोण सोडेल?"

असा हा माझा नवरा. लग्नाआधीपासून त्या पेटीत बसतो. प्रेक्षकांना त्याचं डोकंसुद्धा दिसत नाही. मला मात्र स्टेजवरून फक्त तोच दिसतो.

२१ मार्च

अंडी मिळाली नाहीत. गळा ठीक.

२ एप्रिल

आमच्या ऑपेराचे संचालक, कॉम्रेड हुर्दुकाश, यांनी बोलावलं. खुर्ची दिली, कॉफीही दिली. कॉफी म्हणजे तीच – भाजलेल्या जवाची, जी प्यायल्यावर माणूस खिंकाळायला लागेल म्हणतात.

"व्हिएन्नाहून मागणी आलीये, बाई. सप्टेंबरात हंगामाची सुरुवात तुमच्या आवाजाने करायची म्हणतात. आणि पुढे तीन वर्षांचा करार."

मी कप खाली ठेवला.

"तीन वर्षांचं विसरा," ते म्हणाले. "मंत्रालयाने एक महिना दिलाय. बरोबर कॉम्रेड झाम्फिरा येतील. पोशाखांच्या सल्लागार म्हणून."

"मला पोशाखांचा सल्लागार कशाला?"

"तुम्हाला नको असेल. आम्हाला हवाय."

"आणि लाझार?"

"ते इथेच. कुटुंब इथे असलं की कलाकाराला घराची ओढ राहते." हसले. दात चांगले आहेत त्यांचे.

३ एप्रिल

महत्त्वाचं काही आम्ही घरात बोलत नाही. भिंतींत काय आहे कोण जाणे. बोलायचं तर सोमेश नदीच्या काठाने चालायचं. आज चाललो. करार सांगितला. तीन वर्षं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"जा, आणि परत येऊ नकोस."

पाव आण म्हणावं तसं म्हणाला!

मी काही बोलणार तेवढ्यात एक बाई कुत्रा घेऊन जवळ आली. लाझार लगेच लोणच्यांवर घसरला – यंदा काकड्या मिळतील का, बडीशेपेची पानं कुठून आणायची. बाई गेली तरी तो काकड्यांवरच. आणि मीही विचारलं नाही. का विचारलं नाही?

हे असलं लिहिणं शुद्ध मूर्खपणा आहे. वही मैद्याच्या डब्यात ठेवते. मैदा तर तसाही कधी नसतो.

२२ एप्रिल, ईस्टर. गावी.

भावाकडे. सणाची रंगवलेली लाल अंडी! खरी, घरच्या कोंबड्यांची. दोन खाल्ली, तिसरं गळ्याच्या नावाखाली खाल्लं.

शेजारची म्हातारी माफ्ता भेटायला आली. "काय गं फ्रुसिना, परदेशात जाऊन ओरडतेस त्याला लोक तिकीट काढतात म्हणे?"

"काढतात, माफ्तामावशी."

"बघा! इथे आम्हाला फुकट ऐकायला लागायचं."

खरं आहे. त्या पलीकडच्या उतारावरून मी गुरं हाकारायची. आवाज दरीतून पलीकडे जायचा, डोंगराला लागून परत यायचा, आणि परत येईपर्यंत मी दुसरा सूर लावून ठेवायची – दोघांचं जुळतंय का बघायला. कोणी शिकवलं नव्हतं. गावातल्या शाळामास्तरांनी ते ऐकलं आणि आईला न विचारता मला लाकडाच्या ट्रकमध्ये घालून क्लुजला नेलं, संगीत विद्यालयात. आईने मास्तरांच्या घरावर दगड मारले होते! नंतर मी परदेशातल्या स्पर्धेत पहिली आले, पेपरात फोटो आला, तो आईने चुलीवरच्या भिंतीला लावला. धुराने मी काळी झाले त्यात.

मग लंडन, मिलान, न्यूयॉर्क. न्यूयॉर्कच्या एका पेपराने लिहिलं होतं, "हा आवाज डोंगरातून येतो." बिचाऱ्याला काय माहीत किती खरं लिहिलंय ते! प्रत्येक वेळी परत आल्यावर विमानतळावरच पासपोर्ट काढून घेतात. प्रत्येक वेळी वाटतं, भर रस्त्यात कोणी अंगावरचा कोट उतरवून घेतला.

भावाने विचारलं, "दाजी का नाही आले?" म्हटलं, काम आहे. काम कसलं? न विचारताच लाझार म्हणाला होता, तू जा एकटी.

१६ मे

लाझार काहीतरी वेगळा वागतोय. जेवत नाही धड. रविवारी सकाळी निघून जातो, "फिरायला" म्हणतो. मी येऊ का म्हटलं तर म्हणाला, "तुझा सराव कोण करेल?"

त्याला मी नकोशी झालेय का? परत येऊ नकोस – हे कोण म्हणतं? जो जीव टाकतो तो म्हणतो, किंवा जो कंटाळलाय तो म्हणतो. शब्द तेच!

सासूबाईंना काही माहीत असावं. डोम्निकाबाई आमच्याकडे राहायला आल्यापासून स्वयंपाकघर त्यांचं आणि पियानो माझा, असा तह आहे. आज मी सूर चढवत होते, तर आतून ओरडल्या, "सूनबाई, आमच्या गावची कोंबडी एवढं ओरडली की निदान अंडं द्यायची!"

१७ मे

भिंतींना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून लाझारला विचारलं. "तुला खरंच वाटतं मी जावं?"

"नळ बंद कर. पाणी जाईल परत चारला."

११ ऑगस्ट

व्हिएन्नाची भूमिका पाठ झाली. झोप नाही. गात गात या खोलीतून त्या खोलीत. वरचे शेजारी झाडूने ठोकतात, खालचे टाळ्या वाजवतात – दोघांचाही वैताग येतो.

आपल्या थिएटरातला बॅरिटोन गायक परदेशीच राहून गेला तेव्हाचं आठवतंय. त्याची बायको शाळेत शिकवायची. महिन्याभरात शाळेतून काढली. आता स्टेशनवर तिकिटं तपासते. मला बघितलं की तोंड फिरवते, जणू मीच नेलं तिच्या नवऱ्याला.

लाझार काय करेल? त्याला दुसरं काय येतं? कुजबुजायला येतं.

३ सप्टेंबर

स्टेशनवर आलो. कॉम्रेड झाम्फिरा आधीच डब्यात जागा धरून. मोठी बॅग, जवळजवळ रिकामी – एका हाताने उचलली तिने.

लाझारने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "घसा सांभाळ."

"हो."

"सांगितलंय ते लक्षात आहे ना?"

आजूबाजूला माणसं. झाम्फिरा खिडकीत. मी काय बोलणार? म्हटलं, "बघू."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. का झाला? गाडी हलली तेव्हा तो रुमाल हलवत नव्हता, नुसता उभा होता, आणि चक्क हसत होता! मला नको झालं. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बघू म्हणजे बघू!

७ सप्टेंबर, व्हिएन्ना

खोलीत इतकं गरम की खिडकी उघडावी लागते. सप्टेंबरात! झाम्फिरा आणि मी एकाच खोलीत. घोरते. रोज हॉटेलचे छोटे साबण बॅगेत टाकते, मग मोलकरीण नवे ठेवते, मग ते.

संध्याकाळी वही काढून बसली. "बाई, मला रोज लिहावं लागतं तुम्ही काय केलं ते. आज काय लिहू?"

"लिही, गायली."

"ते कालही लिहिलं."

"मग लिही, बरी गायली."

तिने लिहिलं. वर विचारते, "'बरी'ला काही दुसरा शब्द आहे का?" इतकी काही वाईट नाही ही.

१३ सप्टेंबर

तालमी चांगल्या. इथली प्रॉम्प्टर एक वयस्कर बाई, पुदिन्याच्या गोळ्या चघळते. शब्द एकदम स्वच्छ देते. तरी मी दोनदा चुकले! नंतर कळलं काय होतंय ते. लाझार शब्द देण्याआधी श्वास घेतो, आणि त्या श्वासावरून मला कळतं सूर किती लांबवायचा. ही बाई श्वासच घेत नाही. शब्द येतो, माणूस येत नाही.

सगळीकडे माझी पोस्टरं. एवढं मोठं नाव! रस्त्यात एका मुलाने बोट दाखवलं. क्लुजमध्ये मी रांगेत उभी असते तेव्हा मागून म्हणतात, "ताई, तुम्ही गाता ना? मग पुढे सरका, गाता गाता."

२० सप्टेंबर

आज झालं! देवा!

तिसऱ्या अंकात तो वरचा सूर लावला आणि सोडवेना. असा आवाज माझ्यातून या आधी कधी आला नव्हता. माझा वाटतच नव्हता, मीही ऐकत होते. संपलं तेव्हा सगळं थिएटर गप्प. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग एकदम कोसळलेच लोक. पडदा किती वेळा वर गेला मोजलं नाही. मी सारखी खाली पेटीकडे बघत होते. पुदिन्याच्या गोळीवाली बाई डोळे पुसत होती. चांगली आहे बिचारी. पण.

२१ सप्टेंबर

थिएटरचे प्रमुख लिंडनर चहाला घेऊन गेले. झाम्फिराला मिठाईच्या काउंटरपाशी बसवलं, ती तिथून हलणार नाही हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे.

"करार तयार आहे. पोलिसांकडे आश्रयाचा एक अर्ज, बस्स. घर बघून ठेवलंय, पियानोसकट."

"माझा नवरा तिकडे आहे."

"तुम्ही राहिलात की त्यांना आणायचे प्रयत्न करता येतील. होतं ते. चार-पाच वर्षांत बऱ्याच जणांचं होतं."

चार-पाच वर्षं! चहाबरोबर बोलल्यासारखे बोलले. वाईट नव्हते, उलट डोळ्यांत कळकळ होती. मी म्हटलं, विचार करते.

२५ सप्टेंबर

चालतेय नुसती. एक बाजार, दुसरा बाजार. पाय थांबत नाहीत. झाम्फिरा मागे धापा टाकत, "बाई, जरा हळू, मी काय घोडा आहे?"

राहिले तर हा आवाज आणखी दहा वर्षं मोकळा. मी त्रेचाळीसची आहे, नंतर नाही. गेले तर मंत्रालय वर्षातून एक महिना देईल, तेही मर्जी असली तर. आणि वाफ.

पण तो? मी राहिले की दुसऱ्या दिवशी त्याला पेटीतून काढतील. कुठल्यातरी गोदामात पोती मोजायला ठेवतील. तो काही बोलणार नाही. कोट घालून जाईल रोज.

तो म्हणाला होता येऊ नकोस. खरं की उदारपणा? त्याने एकदा तरी नीट सांगितलं असतं! मी एकदा तरी नीट विचारलं असतं!

२९ सप्टेंबर

ठरलं. परत.

लिंडनरना सांगितलं. ते माझा हात धरून बसले. मी त्याच्यासाठी जातेय की त्या श्वासाशिवाय गायची भीती वाटतेय म्हणून? स्वतःला विचारलं. दोन्ही. ठीक आहे. दोन्ही.

३० सप्टेंबर

उठले तर झाम्फिराचा पलंग नीट आवरलेला. बॅग नाही. कोट नाही. न्याहारीला नाही, बाहेर नाही, कुठे नाही. बाथरूमच्या कपाटावर एक साबण ठेवलेला, कागदासकट – माझ्यासाठी.

पळाली!

मी पलंगावर बसून इतकी हसले की मोलकरीण घाबरून आत आली. माझ्यावर पहारा ठेवायला आलेली बाई पळाली, आणि मी स्टेशनवर चालले.

१ ऑक्टोबर, क्लुज

अजून कोटही काढलेला नाही. तरी लिहिते.

सरहद्दीवर विचारलं, "तुमच्याबरोबरच्या बाई कुठे आहेत?" म्हटलं, मला माहीत नाही, गाडीत चढल्या नाहीत. पासपोर्ट घेऊन गेले, डबा तपासला, मला सोडलं.

दुपारी घरी पोचले. दार सासूबाईंनी उघडलं. हातात मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळायचा लाकडी दांडा. मला बघितलं आणि दांडा पडला.

"तू? तू का आलीस?"

"म्हणजे काय, आई? लाझार कुठाय?"

बाई मागे वळल्या, नळ पूर्ण सोडला. मग माझ्या कानाशी आल्या. "गेला."

"कुठे गेला?"

"तुझ्याकडे गेला ना, बये!"

मी कोट न काढता खाली बसले. फरशीवरच.

परदेशी रेडिओवर त्याने ऐकलं – व्हिएन्नात रुमेनियन गायिकेने थिएटर दणाणून सोडलं, असं. उड्या मारल्या म्हणे. आईला म्हणाला, "ती राहणार. मला म्हणाली होती बघू. आता मी इथे बसलो तर तिच्या पायात साखळी. मला धरून ते तिला ओढतील." दोन दिवसांनी ओर्शोवाची गाडी धरली. मावशीकडे अळंबी गोळा करायला जातोय, असं सगळ्यांना सांगून. ओर्शोवा, डॅन्यूबच्या काठावर. नदीपलीकडे युगोस्लाव्हिया.

"पोहून?" मी विचारलं. "त्या नदीतून? तिथे पहारा आहे, गोळ्या घालतात!"

"मी त्या काठावर जन्मलेय. पाणी कुठे वळतं, पहारेकरी कुठे आळसावतात, मीच सांगितलं त्याला." मग दांडा उचलला, तसाच हाताने पुसला. "तू येशील असं कोणाला वाटलं होतं? कोण येतं परत?"

रविवारचं फिरणं म्हणजे हे होतं. तलावात पोहून दम वाढवायला जायचा. आणि मी काय काय समजत होते!

२ ऑक्टोबर

बातमी नाही.

५ ऑक्टोबर

गुप्त पोलिसांनी नेलं, बसवलं, विचारलं. करड्या कोटातला माणूस, सभ्य बोलतो.

"मॅडम, आमचा जरा गोंधळ उडालाय. तुमचा नवरा गेला. तुमच्यावर लक्ष ठेवायला दिलेली बाई गेली. ज्यांच्या जाण्याची आम्हाला भीती होती, त्या तुम्ही परत आलात. का?"

"माझं घर आहे इथे."

त्याने ते लिहून घेतलं. वाचलं. मग खोडलं.

"नवऱ्याचा बेत ठाऊक होता?"

"ठाऊक असता तर मी इथे बसले असते?"

त्याने पेनला टोपण लावलं. बहुधा पटलं त्याला. उठताना म्हणाला, "वाट बघू नका फार. नदी माणसं परत करते, मॅडम. खाली धरणाच्या जाळीला अडकतात."

चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. स्टेजवरचं एवढं कामाला आलं.

१९ ऑक्टोबर

घर तपासलं. पियानोच्या तारांतसुद्धा हात घातला. मैद्याचा डबा उघडला नाही – मैदा नसतो हे त्यांनाही माहीत!

२ नोव्हेंबर

पोस्टरवर माझं नाव नाही. त्या जागी दुसऱ्या मुलीचं, पट्टी चिकटवून. पट्टीच्या खालून माझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसतं. हुर्दुकाश भेटले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

जाळी. सारखी जाळी दिसते.

२५ नोव्हेंबर

सासूबाई रोज दोन ताटं वाढतात, तिसरं हातात घेऊन ठेवून देतात. आम्ही बोलत नाही. मी गात नाही. आज त्याच म्हणाल्या, "ओरड गं जरा. घर कसं मेल्यासारखं झालंय."

१४ डिसेंबर

फोन!!

दुपारी. ऑपरेटर म्हणाली, "व्हिएन्नाहून आहे, घेता?" मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. सासूबाई माझ्या कोटाला धरून उभ्या.

आणि मग तो. जिवंत! सवयच ती, फोनवरही कुजबुजत बोलला.

"फ्रुसिना, तू घरी का आहेस?"

"तू बाहेर का आहेस?"

"मी तुझ्या हॉटेलात गेलो. लिंडनरकडे गेलो. म्हणाले, त्या तर केव्हाच परत गेल्या. मला आधी खरंच वाटेना."

"तू म्हणालास तसं मी कुठे कबूल केलं होतं?"

"तू म्हणालीस बघू!"

"बघू म्हणजे बघू!"

"मला वाटलं हो."

"मला वाटलं तुला कळलंय – नाही म्हणून."

तिकडे कपबशांचा आवाज – हॉटेलात भांडी धुतो म्हणाला. मग त्याने श्वास घेतला, तोच, शब्दाआधीचा. मी थांबले. शब्द यायच्या आत लाइन कापली.

सासूबाई जमिनीवर बसून रडल्या. पहिल्यांदाच पाहिलं.

१५ डिसेंबर

आज फक्त राग. इतका राग की बश्या आपटल्या. मूर्ख माणूस! मी सगळं सोडून आले ते त्याच्यासाठी, आणि तो सगळं सोडून गेला ते माझ्यासाठी, आणि आता मी भिंतीआड आणि तो भांडी धुतोय. एकदा! एकदा नळ सोडून नीट बोललो असतो!

८ फेब्रुवारी १९८५

नवऱ्याकडे परदेशी जाण्यासाठी अर्ज केला होता. नामंजूर. पुन्हा केला. नामंजूर. मला नवं काम दिलंय – बुटांच्या कारखान्यात बायकांच्या गाण्याचा वर्ग. डिंकाचा वास डोक्यात जातो.

एक बाई, शिवणयंत्रावरची, म्हणाली, "न्यूयॉर्कला गायलात ना, ताई? मग आमच्या बुटांपुढे गा. ते पण मध्येच उठून जाणार नाहीत."

गायले. यंत्रं थांबली. नंतर त्या बाईने गुपचूप दोन अंडी माझ्या खिशात घातली. रस्ताभर हात खिशाबाहेर काढला नाही.

१७ एप्रिल

हुर्दुकाशनी बोलावलं. खुर्ची, कॉफी.

"बाई, असं किती दिवस चालणार? तुमच्यासारखा आवाज डिंकात सडतोय. एक सही करा. नवऱ्यापासून घटस्फोट. देशद्रोह्याची बायको राहिला नाहीत की सप्टेंबरात हंगामाची सुरुवात तुमच्याच नावाने. पट्टी काढू पोस्टरवरची."

"आणि परदेश?"

"ते नंतर. कदाचित."

कागद पुढे सरकवला. पेनही होतं.

म्हटलं, विचार करते. लिंडनरना म्हटलं होतं तसंच.

१८ एप्रिल

खोटं का बोलू – सही करावीशी वाटली. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला पडदा वर जाताना ऐकू आला. कागदावरचंच तर लग्न! लाझारला कळेल. तो स्वतःच म्हणेल, कर.

मग वाटलं, तो काय म्हणेल ते मी पुन्हा मनातल्या मनातच ठरवतेय.

३ मे

सासूबाईंना विचारलं. नळ सोडून, स्पष्ट. कधी नव्हे ते.

त्यांनी कांदा चिरायचं थांबवलं. "गळा किती वर्षं टिकतो?"

"नऊ-दहा. फार तर."

"मग कर सही. तो माझा मुलगा आहे, पण मी सांगते, कर. नऊ वर्षं गा."

"आणि मग?"

"मग म्हातारी हो. माझ्यासारखी."

"तुम्ही असता तर केली असती?"

त्या पुन्हा कांदा चिरायला लागल्या. डोळे कांद्याने लाल की कशाने. म्हणाल्या, "मला कोणी कागद दिला नाही कधी. मला नुसती नदी होती."

२० मे

हुर्दुकाशचा निरोप – महिनाअखेर शेवटची मुदत.

कारखान्यात आज मुलींना सूर लांबवायला शिकवला. एक धापा टाकत म्हणाली, "ताई, एवढा दम तुम्ही कुठून आणता?"

३१ मे

गेले होते. कागद तिथेच होता, पेनही. दोन्ही तिथेच आहेत, सहीची जागा कोरीच.

९ जून १९८५

कोझोक्नाचं मिठाचं तळं. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, घशासाठी खारं पाणी. काठावर सासूबाई, परकर गुडघ्यापर्यंत खोचून, सूर्यफुलाच्या बिया सोलत. मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं. "पाय मार!" ओरडल्या. मारले. "श्वास बाहेर सोड!" सोडला. तरंगले!

"त्यात काय मोठंसं," म्हणाल्या. "मीठ कोणालाही उचलतं. नदी उचलत नाही."

पुढच्या रविवारपासून गोड्या पाण्यात.